कोंडमाळ ठाण्याचा मेळ तुटला त्याची हकीकत

श्री. ज्या शक्तीच्या कृपेने तारेतून वार्ता धावते, पेटीच्या खोलीत गारवा टिकतो आणि गेलेली वीज चहा उकळायच्या आत परत येते, तीस आधी दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण वद्य पक्ष, ते समयी पाण्याच्या राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे सांगितले आहे. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरते.

राज्य पाण्याचे, म्हणजे जमीन थोडी, डोंगर उदंड, आणि डोंगरांच्या पोटी धरणे बांधून पाणी अडविलेले. राजधानी खाली सपाटीला, आणि नदीच्या काठाने वर वर चढत चार ठाणी, पैकी शेवटचे कोंडमाळ, ते ऐन घाटमाथ्याच्या खाली, जेथे एसटी दिवसातून एकदा येते आणि आली की तोंड फिरवून पळते. राजधानीस एक आणि प्रत्येक ठाण्यास एक ऐसे पाच सर्वर. सर्वर म्हणजे लोखंडी पेटी, उंचीने माणसाच्या कमरेएवढी, पण मान अंमलदाराहून मोठा. तिला स्वतंत्र खोली, खोलीस थंड वारा, आणि आत जाणाऱ्याने चपला बाहेर काढाव्या. पेटीचे काम एकच, की राज्यातले माणूस ओळखावे. कोण आपला, कोण परका, कोणी कोणते दार उघडावे, कोणाच्या मेजावर कोणता फोन, हे सारे पेटीस ठाऊक. धरणाचे दार वर करावयाचे तर दारकऱ्याने आपले नाव आणि गुप्त शब्द सांगावा, पेटीने आपलाच म्हणावे, मग यंत्र फिरावे. पेटी नाही म्हणाली तर खुद्द सरकार येऊन उभे राहिले तरी दार हलावयाचे नाही. आणि पाचही पेट्या एकमेकींस धरून, एकीस कळले ते पाचींस कळावे, राजधानीत नवे माणूस ठेविले तर सांज व्हायच्या आत कोंडमाळच्या पेटीने त्यास ओळखावे, ऐसा नेम होता. त्या नेमास मेळ म्हणत, आणि मेळ राखणारा अंमलदार तो मेळनीस.

त्या साली मेळनीस होते दस्तगीर मुलाणी. चाळिशी उलटलेली, पोट थोडे सुटलेले, बोलणे कमी, आणि चालताना मान वर करून खांबांवरच्या तारा पाहण्याची खोड, त्यापायी दोनदा गटारात पडलेले. ही विद्या त्यांस दिली कोंडमाळच्या म्हाळोजी हिरव्यांनी, ज्यांस सारे राज्य म्हाळूतात्या म्हणे. तात्या कोंडमाळच्या पेटीचे राखणदार, पेटी आली तेव्हापासूनचे. त्यांचा एकुलता मुलगा रंगनाथ, तो त्याच ठाण्यास दारकरी. रंगनाथ आणि दस्तगीर यांची मैत्री ऐसी की रोज एकाने दुसऱ्यास फोन करावा, कामाचे निमित्त सांगावे, आणि अर्धा तास सरकारी तारेवर एकमेकांची टिंगल करावी. तो रंगनाथ माघाच्या अवसेस घाट उतरताना गाडीसकट दरीत गेला. तिसऱ्या वळणावर. कोणी सांगतात दगड आला, कोणी सांगतात धुके होते, आता सांगून काय.

आता राज्याचा कायदा ऐकावा, कारण पुढचे सारे त्यावर आहे. माणूस मेले म्हणजे त्याच दिवशी राजधानीच्या पेटीतून नाव पुसावे, नाहीतर मेलेल्याच्या नावावर कोणी परका दार उघडील. आणि नुसते पुसून भागत नाही, बाकीच्या चौघींस कळावे कसे? म्हणून पुसल्या जागी सुतकाची खूण राहते, ती तारेने ठाण्याठाण्यास जाते, आणि जीस पोहोचेल त्या पेटीने आपल्याकडचे नाव पुसावे. सुतक सहा महिने. पुढे खूणही आपोआप मिटते, मग तो माणूस गेला हे सांगणारे कोणी उरत नाही. एखादी पेटी तेवढे सहा महिने मेळाबाहेर राहिली तर मोठा अनर्थ, कारण तिच्या लेखी मेलेला जिवंतच, आणि पुढे मेळ जुळला की ती बाकीच्यांस सांगते, अगे तुमच्याकडे हा कसा नाही, हा घ्या. आणि गेलेला माणूस पाचही पेट्यांत हजर. म्हणून सुतक चुकलेल्या पेटीस पुन्हा घरात घेऊ नये, ती मोडावी, ठाणे उठवावे, आणि तेथली माणसे पांगवावी, ऐसे ठरलेले. तर रंगनाथाचे नाव राजधानीत पुसण्याचे काम मेळनिसाचे, म्हणजे दस्तगीरांचे. त्यांनी आधी तात्यांस फोन करून सांगितले, "तात्या, पुसतोय बरं का," तात्या म्हणाले, "बरं," आणि दस्तगीरांनी पुसले, मग मुतारीत जाऊन नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन कामास लागले.

पुढे काय झाले की राजधानीत कोंडमाळच्या नावाचा लाल दिवा लागला. मेळ तुटला की दिवा लागतो. पण राजधानीत रोज कुठला ना कुठला दिवा लालच, कधी उंदराने तार कातरली, कधी कोणी सर्वरच्या जागी मोबाईल चार्जिंगला लावला. आणि कोंडमाळकडून तात्यांचा निरोप आला, की घाटात दरड आहे, तार ओढली गेली आहे, आम्ही पाहतो, तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. तात्या म्हणतात म्हणजे झाले, ऐसे म्हणोन दस्तगीर स्वस्थ राहिले. स्वस्थ राहण्याचे खरे कारण निराळे, त्यांस कोंडमाळला जाऊन रंगनाथाच्या रिकाम्या मेजाकडे पाहवत नव्हते. ऐसे करिता फाल्गुन गेला, चैत्र गेला. वैशाखात रंगनाथाच्या जागी शेवंता गुरव म्हणोन हुशार, जिभेची तिखट मुलगी दारकरीण नेमिली, तिचे नाव राजधानीच्या पेटीत घातले, आणि ती वर गेली तर कोंडमाळची पेटी तिला ओळखीना. तात्या म्हणाले, "तार ढिली हाय पोरी, नाव येईल. तवर मी हाय न्हवं, माझ्या नावानं दार उघडू." आणि ऐसेच चालले.

मग नागपंचमी झाली आणि पावसाने डोंगर धुऊन काढिला. धरण काठोकाठ आले, दार वर करणे प्राप्त, आणि नेमके तात्या तापाने फणफणून घरी पडलेले. शेवंता दारावर उभी, नाव सांगते, शब्द सांगते, पेटी म्हणते ऐसे माणूस राज्यात नाही. पुन्हा सांगते, पुन्हा नाही. मग तिने शिव्या घातल्या त्या इथे सांगण्याजोग्या नव्हेत, आणि हाताचा दांडा घालून दार वर करू लागली. चौघांचे काम एकटीने करिता दांडा उलटा फिरला, खांदा निखळला, तरी सोडले नाही, दार वर झाले. पण तोवर पाणी भिंतीवरून गेले ते खालच्या धनगरवाडीत शिरले. माणसे टेकडीवर पळाली म्हणोन वाचली. मेंढ्या वाहून गेल्या, आणि ज्या वाहिल्या नाहीत त्या कुंपणात अडकून मेल्या, सकाळी कुंपणभर लोकर.

ही वार्ता राजधानीस आली तेव्हा कारभाऱ्यांनी दरबार भरविला आणि दस्तगीरांस पुढे घेतले. "मेळनीस, ही पेटी बंद किती दिवस?" "माघापासून, साहेब." "माघापासून! आणि लाल दिवा?" "लागलेला होता." "मग आम्हास का दिसला नाही?" दस्तगीर म्हणाले, "आपणच फर्मावले होते साहेब, डोळ्यांस त्रास होतो, वर कॅलेंडर टांगा." दरबारात दोघे खोकले. कारभारी म्हणाले, "ते असो. सुतक केव्हा फिटते?" "पोळ्यास." "पोळा तर परवा आला!" "होय." "मग निघा. पोळ्याच्या आत मेळ जुळला तर ठाणे राहिले, नाहीतर पेटी मोडून या, ठाणे उठले समजा, आणि तुमच्या त्या तात्यांस सांगा गाठोडे बांधा." दस्तगीरांनी मुजरा केला आणि एसटी धरली.

एसटीत ड्रायव्हर जुन्या ओळखीचा, त्याने वाटेत तक्रार मांडिली, "मेळनीससाहेब, कोंडमाळच्या लोकांस काय झालंय? मी वेळेवर निघतो, आणि ही सगळी गठडी घेऊन मागनं बोंबलत पळत येतात, आणि वर मलाच म्हणतात तू लवकर सोडलीस." दस्तगीर हसले. तिसरे वळण आले तेव्हा त्यांनी मान फिरवून दुसऱ्या बाजूस पाहिले. ठाण्यावर उतरले तों दुपारचा भोंगा झाला. कोंडमाळचा भोंगा पेटीच्या घड्याळावर वाजतो आणि सारे ठाणे त्यावर जेवते, निजते. दस्तगीरांनी मनगट पाहिले तर आपले घड्याळ अर्धी घटका पुढे. मेळनिसाच्या विद्येत पहिला धडा, की मेळ तुटला तर आधी घड्याळ पाहावे. आणि हा धडा त्यांस दिला कोणी, तर तात्यांनीच. त्या तात्यांचे घड्याळ चुकेल ऐसे दस्तगीरांच्या स्वप्नातही येणे नाही. म्हणोन त्यांनी उभ्या उभ्या काय केले, की आपल्या मनगटावरचा काटा मागे घेतला आणि भोंग्याशी जुळविला.

तात्या पडवीत बसले होते. ताप उतरला होता पण अंगावर मांस राहिले नव्हते, सदरा दुसऱ्याचा घातल्यागत. म्हणाले, "आलास? पोट वाढलं की रं. राजधानीत खाता का नुस्तं?" दस्तगीर म्हणाले, "तात्या, मेळ." तात्या म्हणाले, "बघ की. तुझंच काम हाय. आधी जेव." तान्हूबाई म्हणोन ठाण्याची स्वयंपाकीण, तिने नाचणीची भाकरी आणि वरण वाढिले आणि विचारिले, "भाऊ, रातच्याला ऱ्हाणार का? न्हाई, कोंबडं कापायला बरं." आणि खांद्यास झोळी बांधलेली शेवंता दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "तुम्हीच का ते मेळनीस? मी म्हटलं कोण म्हातारा बिताराच असंल, सहा महिने लागले यायला." तिने पुढे म्हटले, "माझं नाव घालता का आता, का मीच राज्यातनं जाऊ? तुमची पेटी म्हणती मी न्हाईच." आणि तात्या त्या वेळी मागल्या दाराने निघून गेले.

मग दस्तगीर चपला काढून पेटीपुढे बसले आणि एक एक पाहू लागले. आधी तार पाहिली, ती शाबूत. दरड पडली होती खरी पण फाल्गुनातच उपसलेली. मग इथल्या पेटीकडून राजधानीच्या पेटीस हाक घातली, तिकडून ओ आली. मग पाहिले की पेट्यांस एकमेकींचा पत्ता नीट ठाऊक आहे की नाही, कारण पुष्कळदा पत्ता जुना असतो आणि वार्ता भलत्याच दारी जाऊन बसते. पण पत्ता नीट. गुप्त शब्द पाहिला, तो नीट. पेटीचे पोट पाहिले, भरलेले नाही. तार आहे, हाक आहे, ओ आहे, आणि तरी एक दुसरीस म्हणते मी तुला ओळखत नाही. दस्तगीर कपाळ धरून बसले. राजधानीत फोन करून विचारावे तर तिथे यांच्याहून जाणता कोणी नाही. दिवेलागण झाली, तात्या आत येऊन आपल्या मेजाशी बसले, आणि मेजावरचा फोन वाजला.

आता त्या राज्यातले फोन पेटीस विचारून नाव दाखवीत, जो बोलावी त्याचे नाव काचेवर उमटे. दस्तगीरांचे लक्ष सहज गेले तों काचेवर अक्षरे, रंगनाथ हिरवे. फोन वाजतो आहे, नाव लकाकते आहे, आणि तात्या हात मांडीवर ठेवून त्या नावाकडे पाहात आहेत, उचलीत नाहीत. वाजून वाजून थांबला. काच काळी झाली. मग शेजारच्या खोलीतून, जी रंगनाथाची, तेथून तान्हूबाई पदरास हात पुसत आली आणि म्हणाली, "वाजला न्हवं?" तात्या म्हणाले, "वाजला." ती म्हणाली, "मग मी भाकऱ्या टाकते," आणि दस्तगीरांस पाहून जीभ चावली आणि निघून गेली.

दस्तगीरांनी आपले मनगट पाहिले. दुपारी आपल्याच हाताने मागे घेतलेला काटा. एसटीमागे बोंबलत पळणारी माणसे. दोन पेट्यांच्या घड्याळांत किंचित फरक चालतो, पण पान लावून खाईस्तोवर जेवढा वेळ जातो त्याहून जास्त पडला तर एकीने दुसरीवर विश्वास ठेवू नये, कोणी परके सोंग घेऊन आले समजावे, ऐसी पेटीची शिकवण. बाकी सारे धड असले तरी मेळ नाही. दस्तगीर हळू म्हणाले, "तात्या, घड्याळ मागे कोणी केले?"

तात्या म्हणाले, "कोण करणार? किल्ली माझ्यापाशी." "केव्हा?" "तू फोन केलास तवा. पुसतोय म्हणलास, मी बरं म्हणलो. खाली ठेवला आणि काटा मागं घेतला. म्हणलं तिकडं झालं असंल. हिथं अजून व्हायचंय." दस्तगीर म्हणाले, "तारच काढायची होती." "तार काढली असती तर दुसऱ्या दिवशी तू खांबावर. मी वळखत न्हाई व्हय तुला? घड्याळ तेवढं बघणार न्हाईस ह्याची खात्री हुती." "का?" "माझं हाय म्हणून." ऐसे म्हणोन तात्या कोरडे हसले, आणि ते हसणे दस्तगीरांस थपडेहून लागले. मग तात्याच बोलू लागले, विचारिल्याशिवाय. "शेवंतेचा खांदा बघितलास? ती मला म्हणती, तात्या तुम्ही तापात हुता, तुमचा काय दोष. तवापास्नं मी मागल्या दारानं ये-जा करतो. धनगरवाडीचं कुंपण बघितलंस? मी बघून आलो. बघून आलो आणि पेटीम्होरं बसलो, काटा म्होरं घ्यावा म्हणून. बसलो बघ खरंच. तेवढ्यात तान्हूबाईनं त्याच्या खोलीतनं रोजचा फोन लावला. उठलो." दस्तगीरांनी मेजावरच्या फोनाकडे पाहिले. तात्या म्हणाले, "उचलत न्हाई मी. उचलला तर तान्हूबाई बोलंल. वाजतोय तवर त्योच हाय."

मग दस्तगीरांनी घसा साफ केला, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवून, जणू कारभारी दाराआड उभे आहेत ऐसे, म्हणाले, "तात्या, एक करतो. घड्याळ नीट करू, मेळ जुळू दे, सुतक येईल, नाव पुसेल. मग मी नवे घालतो. रंगनाथ म्हाळोजी हिरवे, अक्षर न अक्षर तेच. फोन तोच. वाजला की काचेवर तेच दिसेल. कायद्याचे मी पाहीन, कुणी विचारले तर चाचणीचे नाव आहे म्हणेन." तात्यांचे डोळे क्षणभर उजळले. पण माणूस पेटीचा जुना राखणदार. त्यांनी विचारिले, "आतली खूण?" आतली खूण म्हणजे नाव प्रथम घालताना पेटी त्यास गुपचूप एक निशाणी देते, ती जन्मात एकदाच, दुसऱ्यास कधी द्यावयाची नाही, आणि दारे, कुलपे, कपाटे ओळखतात ती निशाणी, वरचे नाव केवळ माणसांच्या सोयीचे. दस्तगीर म्हणाले, "खूण नवी पडेल." "मग त्याच्या खोलीचं कुलूप त्याला वळखंल?" "नाही." "त्यानं पेटीत काय काय ठेवलंय, फोटो बिटो, ते त्याला उघडंल?" "ते मी दुसऱ्या वाटेने काढून देईन तुम्हास." "मला न्हवं रं. त्याला." "त्याला नाही उघडणार." बाहेर धरणावरून पाणी पडत होते त्याचा आवाज तेवढा. मग तात्या म्हणाले, "नको. कुणीतरी दुसराच आणून बसवतोस व्हय माझ्या पोराच्या जागेवर? उद्या कारभाऱ्याचा मेव्हणाही बसंल." आणि उठले, म्हणाले, "सरक." दस्तगीर म्हणाले, "तात्या, मी करतो, तुम्ही बाहेर बसा." तात्या म्हणाले, "तू एकदा पुसलंस. परत परत तुझ्या हातनं नको. सरक म्हणतो न्हवं?" आणि पेटीपुढे बसले, चष्मा पुसला, आणि दस्तगीरांस म्हणाले, "वाजले किती? खरे किती वाजले ते सांग." दस्तगीरांनी राजधानीस फोन लावून वेळ विचारिली आणि सांगितली, तात्यांनी काटा पुढे घेतला.

इथल्या पेटीने राजधानीच्या पेटीचे घड्याळ पाहिले, तिने हिचे पाहिले, आणि सहा महिन्यांनी एकमेकींस ओळखिले. मग वार्ता येऊ लागल्या, घडल्या त्या क्रमाने, आधीची आधी. म्हणोन सर्वांत आधी आली ती माघातली. काचेवर नावांची रांग होती, रंगनाथाच्या वर एक नाव, खाली एक. ती दोन नावे शेजारी आली. मध्ये जागा राहिली नाही. तात्यांनी बोट लावून पाहिले. मग फाल्गुन आला, कोणा कारकुनाचे लग्न होऊन बायको राज्यात लागली. मग चैत्र, दोघे निवृत्त, एकाची बदली. वार्तांमागून वार्ता, राज्य सहा महिने जगले होते ते सारे डोळ्यांदेखत सरले, आणि वैशाखापाशी शेवंता गुरव हे नाव येऊन बसले. दस्तगीरांनी तान्हूबाईस दारावर धाडिले, की सांग पोरीस, नाव सांगून पाहा. थोडा वेळ गेला, खालून घरघर आली, थांबली, आणि तात्यांच्या मेजावर फोन वाजला. काचेवर शेवंता गुरव. तात्या पाहात राहिले. दस्तगीर पुढे झाले, पण तात्यांनी हात आडवा केला आणि स्वतः उचलला.

"तात्या! घेतलं! नाव घेतलं माझं मेलीनं! इतभर वर करून बघितलं, परत खाली घेतलं. आयकताय न्हवं?" "आयकतोय." "आता तुम्ही महिनाभर तापात पडा, काय अडत न्हाई." "बरं." "आवाज असा का येतोय? तार वली का काय?" तात्या म्हणाले, "न्हाई, तार चांगली हाय. शेवंते, हिकडं ये जरा. तुला सांगायचंय." ती आली, आणि तात्यांनी तिला पहिल्यापासून सारे सांगितले, घड्याळाचे, फोनाचे, लपविले काही नाही. ती उभ्याने ऐकत होती, धडका हात दुखऱ्या खांद्यावर. शेवटी तिचे ओठ हलले, वाटले आता शिवी येते, पण ती म्हणाली, "माझा खांदा बसंल तात्या. मेंढ्या माझ्या न्हवत्या. ते वाडीला सांगावं लागंल." तात्या म्हणाले, "उद्या जातो." ती म्हणाली, "मी येते संगट. एकट्याला मारतील." आणि दुसरे दिवशी दोघे धनगरवाडीची पाऊलवाट उतरून जाताना दस्तगीरांनी एसटीच्या काचेतून पाहिली, पुढे हात झोळीत बांधलेली शेवंता, मागे काठी टेकीत तात्या, एसटी वेळेवर सुटली आणि त्या दिवशी मागे कोणी पळत आले नाही. तिसऱ्या वळणावर दस्तगीरांनी या खेपेस खाली पाहिले.

राजधानीत कारभाऱ्यांनी विचारिले, "कारण काय निघाले?" तात्यांनी बजावून धाडिले होते की खरे तेच सांग, म्हणोन दस्तगीरांनी खरे तेच सांगितले. कारभारी म्हणाले, "शिक्षा तर करणे प्राप्त आहे," आणि मग, "तुम्ही सहा महिने गेला नाहीत ते?" दस्तगीर म्हणाले, "त्याचीही शिक्षा सांगावी." कारभाऱ्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडराकडे गेली, आणि त्यांनी विषय आवरता घेतला.

एवंच, पोळ्याच्या आदल्या दिवशी मेळ जुळला, कोंडमाळ ठाणे राहिले. तात्यांकडून पेटीची किल्ली काढून शेवंतेकडे दिली, आणि तात्यांस खोली राहावयास ठेविली. वाडीने त्यांस मारिले नाही. एका म्हातारीने एवढेच विचारिले की मुलगा केवढा होता, आणि ते तेथे बसले ते सांजेस परतले. दस्तगीरांची मेळनिशी एक साल रोखिली. दिवेलागणीस कोंडमाळचा फोन आता वाजत नाही. पाचही पेट्यांत कोणतीस विचारा, रंगनाथ हिरवे म्हणोन राज्यात कोणी नाही ऐसेच पाचीही सांगतात, आणि पाचींचे बरोबर आहे. हकीकत येथे पुरी.